आमच्या घरचे काबायेरो

तासगाव, चैत्र, १९९६

ती. सौ. शकुंतलाआक्कास,

धाकट्या संयोगिताचा वाकून नमस्कार. भाऊजींच्या गुडघ्याला आता उतार असेल, आणि साताऱ्याच्या वाऱ्याने तुझा खोकला परत आणला नसेल, अशी आशा करते. इकडे सगळे बरे आहेत. घोडीही बरी आहे. (घोडी कुठली, ते सांगायलाच हे पत्र.)

फाल्गुनात स्पेनचा एक म्हातारा व्यापारी बेदाणा बघायला आमच्या शेडवर आला होता. ऊन मरणाचं. ह्यांनी स्वतःची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि आपण उघड्या डोक्याने त्याला सगळं फिरवून दाखवलं. निघताना त्याने ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "काबायेरो." जीपमध्ये चढता चढता दुभाष्या म्हणाला, "म्हणजे घोडेस्वार," आणि धुरळा उडवत दोघं गेले.

आक्का, तुला ठाऊक आहे, हे सायकलवरसुद्धा मागेच बसतात. पण त्या दिवसापासून हे हरवलेच. घास हातात, नजर दाराबाहेर. "एवढ्या लांबनं आलेल्या माणसाला माझ्यात काय दिसलं आसंल गं?" असं विचारायचे, आणि मी (बायको असल्यामुळे) उत्तर टाळायची. "नानासो, जरा सरका," यापलीकडे ह्यांना कुणी काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणून सांगलीच्या धुळा टांगेवाल्याने रिक्षा घेतली आणि हे त्याची पांढरी घोडी घेऊन आले, तेव्हा मी भांडले नाही.

पहिल्या संध्याकाळी फेटा बांधून हे वर बसले. (आधी दगडावरून, मग ओट्यावरून, शेवटी माझ्या खांद्यावर पाय देऊन.) मी मागून चालत होते. घोडी टांग्याची, चार माणसं उभी दिसली की थांबायची. चहाच्या टपरीशी थांबली, गिरणीशी थांबली, आणि एसटी स्टँडवर जी उभी राहिली ती हलेचना. लोक हसायला लागले. हे वर तसेच, फेट्यासकट लाल झालेले. तेवढ्यात आमच्याकडे बेदाणा निवडणाऱ्या बनुबाई गाठोडं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवं, घराकडं सोडता व्हय? पाय लय दुखत्यात." हे उतरले, त्यांना वर बसवलं आणि लगाम धरून पायी निघाले. घोडी लगेच चालू लागली. (गिऱ्हाईक मिळाल्याचं समाधान असणार.) दिवस बुडत होता, वाऱ्यावर बेदाण्याचा गोड वास होता. पांढरी घोडी, वर राणीसारख्या बनुबाई, आणि पुढे आमचे हे. क्षणभर मला ह्या रस्त्याचं नावच आठवेना.

आता रोज संध्याकाळी कुणाला ना कुणाला असं घरी सोडणं चालूच असतं. स्वतः बसायचं नाव ह्यांनी पुन्हा काढलं नाही. तुझ्या निमिषला मी तो शब्द लिहून विचारला होता; परवा त्याचं पत्र आलं, की त्याचा दुसरा अर्थ सभ्य गृहस्थ, आणि तिकडे बहुतेक तोच घेतात. मी वाचून दाखवलं. ह्यांनी दाराबाहेर घोडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग घोडी परत द्याची व्हय?"

मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या.

भाऊजींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
संयोगिता

ता. क. एक पंजाबी ड्रेस शिवून पाठव. माप तुझंच, कमरेत जरा सैल. शिंप्याला पोरीसाठी म्हणून सांग. घोडीवर साडी फार आडवी येते, आणि सासूबाई दुपारी झोपतात तेवढाच वेळ मिळतो.

आणखी एक. लगाम हेच धरतात. काल ओढ्यापलीकडे गेल्यावर मी म्हटलं, "आता सोडा." त्यांनी सोडला. घोडी थांबवायची कशी, ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला ते विचारावंसंही वाटलं नाही.