हाताचा कागद

२ नोव्हेंबर, गुरुवार

तिचा फोन! आठ महिन्यांनी! "तू गिटार बनवतोस म्हणे? मला एक बनवून दे ना. अगदी खास हवी." मी हो म्हटलं. अजून एकही गिटार मी स्वतः पूर्ण केलेली नाही, मामाला विचारावं लागेल — यातलं काही बोललो नाही. नुसतं हो.

मामाने रंधा थांबवला नाही. "गिऱ्हाईक कोण?" कॉलेजमधली म्हटलं. "सरांच्या टेबलावर पेपर फाडून निघून आलास, तेच का ते कॉलेज?" तेच! अशी किती कॉलेजं सोडणार माणूस?

३ नोव्हेंबर

माळ्यावरून मामाने स्प्रूसच्या लाकडाची फळी काढली. जुन्या चादरीत गुंडाळलेली. अठरा वर्षं वाळतेय. स्वतःच्या गिटारीसाठी ठेवली होती — हे मामीने सांगितलं, तो नाही बोलला.

फळी माझ्या कानाजवळ धरून त्याने अंगठ्याने ठोकली. मला लाकूड ऐकू आलं. "परत ऐक." परत लाकूडच. "ऐक रे, बैला!" आठव्या-नवव्या वेळी कळलं. ठक् झाल्यावर मागे काहीतरी लांबत राहतं, मग विरतं. शिसवीची ठोकली तर ती घंटेसारखी. ती पाठीला आणि बाजूंना.

"समोरची बाजू तू कर," म्हणाला. मी उडालोच. "दात काय काढतोस? जपून कर."

७ नोव्हेंबर

शिसवीची पट्टी मोडली. ओली पट्टी तापलेल्या नळीवर दाबून दाबून वाकवायची असते. वाकेना. मी जोर लावला — कडाड! मामा म्हणाला, "लाकूडही तापतं रे, पण दमानं. तुझ्या डोक्यावर तर आंघोळीचं पाणी तापेल." मी पटाशी आपटली. मग उचलून धार बघितली. दुसरी पट्टी मामाने वाकवली. मी पाणी मारत उभा.

११ नोव्हेंबर

भिंतीवर सगळीकडे हातांचे कागद आहेत. गिटारीचं खोकं बंद झालं की मामा गिऱ्हाइकाला बोलावतो, डावा पंजा कागदावर पसरायला लावतो आणि पेन्सिल बोटांभोवती फिरवतो. तारा दाबणारा हात तो. त्यावरून दांडा किती जाड, किती रुंद ते ठरतं. खोकं बंद झाल्याशिवाय मात्र हात घेत नाही. का, विचारलं. "आधी पोट, मग हात." झालं उत्तर!

म्हणजे तिचा हात मी धरणार! एकेक बोट! दोन वर्षं तिच्या मागच्या बाकावर बसलो. वही मागायचीसुद्धा छाती झाली नाही. आणि आता कामच आहे ते, कोण काय म्हणणार?

खोकं लवकर बंद व्हायला हवं.

१४ नोव्हेंबर

फळी घासून अडीच मिलिमीटरवर आणली. दिव्यासमोर धरली तर मधाच्या रंगाची दिसते. मामाने ठोकून बघितली. "बास. आता एक केस जरी काढलास ना, तुझे केस काढीन."

तिचा मेसेज: २५ तारखेला, शनिवारी, बघायला येते! खाली हसरा चेहरा. एक नाही, दोन. आईला फोन केला. "आज आवाज बरा लागतोय तुझा," म्हणाली. "जेवलास ना?"

१६ नोव्हेंबर

मामा दाढ काढायला गेला. जाताना दोनदा बजावलं, "मी आल्याशिवाय सरस तापवायचा नाही. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" फळीच्या आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवायच्या होत्या. पट्ट्या तयार, नकाशा समोर. वाट कशाची बघायची?

तापवला सरस. पट्ट्या बसवल्या, शिकंजे आवळले. तासाभरात काम फत्ते!

मामा आला तो गाल धरून. सरसाच्या भांड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. तोंडात कापसाचा बोळा, बोलणार कसा! हात झटकून घरात गेला.

१८ नोव्हेंबर

मामाला ताप. अंथरुणातच आहे. मी खोकं बंद केलं. मामी म्हणाली, "एकदा त्यांना दाखव तरी." दाखवायचं काय त्यात? सांध्यात केस जात नाही!

२० नोव्हेंबर

मेलो.

सांडलेला सरस पुसायला समोरच्या गोल भोकातून आत बारका दिवा सोडला, आरसा घातला. पट्ट्या उलट्या आहेत. सगळ्या.

नकाशा गिटार समोरून बघून काढलेला असतो. पट्ट्या आतून लागतात, म्हणजे फळी पालथी. मग नकाशाही पालथा करायचा. मामा कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावतो आणि आरपार दिसणाऱ्या रेघा गिरवतो — शंभरदा पाहिलंय मी! मी फळी पालथी केली, नकाशा तसाच ठेवला. जाड तारांच्या पट्ट्या बारीक तारांखाली, आणि बारीकच्या जाडखाली.

बाहेरून काही दिसत नाही. कोणाला कळणार आहे?

२१ नोव्हेंबर

बोललो नाही.

२२ नोव्हेंबर

मामा कामाला बसला. खोकं मांडीवर घेतलं, अंगठ्याने ठोकलं. उजवीकडे. डावीकडे. परत उजवीकडे. आरसा मागितला नाही की दिवा नाही.

"कधी कळलं तुला?"

"परवा."

आता ओरडेल म्हणून मी मान खाली घातली. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, एकदाचं निघून गेलो असतो. तो खोक्यावरचा भुसा फुंकत बसला. मग म्हणाला, "चुकलास त्याचं नाही. परवापासून माझ्या ताटाशेजारी बसून जेवलास, त्याचं आहे."

उघडू का, विचारलं. "उघडायला जाशील तर फळी फाटेल. वाजेल ती, पण लंगडत वाजेल. डावखुऱ्याला मात्र सरळ आहे. त्याच्या तारा उलट्या, मग ह्या पट्ट्या सुलट. चोवीस वर्षांत दोन डावखुरे आले माझ्याकडे. तिसरा येईपर्यंत टांग खुंटीला."

टांगली. अठरा वर्षं!

"आणि त्या मुलीला तूच सांगायचं, भाचेबुवा. काय झालं, का झालं, सगळं. मी तोंड उघडणार नाही. सांगता येत नसेल तर सोमवारपासून दुसरं काम बघ."

२४ नोव्हेंबर

काय सांगायचं ते पाठ केलं. 'चूक माझी' इथे येऊन जीभ अडते. आरशासमोर चार वेळा म्हटलं. तिच्यासाठी कोरा कागद कापून ठेवला होता, तो काढून टाकावासा वाटला. राहू दे.

२५ नोव्हेंबर, शनिवार

आली. एकटी नाही. बरोबर एक चष्मेवाला. "गिटार माझ्यासाठी नाही रे, ह्याच्यासाठी! आमचं ठरलंय. सगळ्यात आधी तुलाच सांगतेय!"

पाठ केलेलं सगळं गेलं. तोंडातून एवढंच निघालं, "डावा हात ठेवा."

त्याने उजवा ठेवला. "मी डावखुरा आहे. सांगायचं राहिलं. आता अडचण होईल का?"

मामा कानस चालवत होता. खुंटीकडे बघितलं नाही. माझ्याकडेही नाही.

पेन्सिल फिरवली. एकेका बोटाभोवती. हात गरम, घामेजलेला, करंगळी जराशी वाकडी. नीट काढली तीही. मग 'चूक माझी'पासून सगळं सांगितलं, दोघांच्या तोंडावर, आणि ती अर्धी गिटार खुंटीवरून काढून त्याच्या मांडीवर दिली.