दुधरामबाबांची तेरवी आणि आईचे पाय

गोरेगाव,
माघ महिना, सन १९५७

तुमसरच्या दंडारीच्या नाटकातले एकमेव विश्वामित्र आणि शाळेत माझ्या पाटीवरून गणितं उतरवणारे श्रीयुत सेवकराम यांना केशोरावचा कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याखाली कंबर हल्ली जात नाही.) तुझा दमा, वहिनींचा राग आणि तुमची म्हैस, तिघंही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. इकडचं क्षेम विचारशील तर आहे, पण ते कसं आलं हे सांगायला हा सगळा कागद लागणार आहे, तेव्हा तंबाखू मळून बस.

धानाची कापणी उरकली आणि आमच्या आईने जी खाट धरली ती सोडेचना. पायातला जीवच गेला म्हणाली. गोंदियाहून डॉक्टर आणला. त्याने गुडघ्यावर छोटी हातोडी मारली, तसा आईचा पाय असा उडाला की डॉक्टरचा चष्मा खाटेखाली. डॉक्टर म्हणाला, पाय ठणठणीत आहेत. आई म्हणाली, "तुमचं ऐकते जी तो पाय. माहं नाही ऐकत." यावर औषध नसल्यामुळे डॉक्टर चष्मा पुसत निघून गेला. एरवी मी पोट धरून हसलो असतो, पण सेवक, तेव्हा हसू आलं नाही. तिने जेवण टाकलं होतं. जिच्या हाकेने बांधावरचे बगळे उडायचे ती बाई कुजबुजायला लागली होती. आमचे वडील गेले तेव्हाही आधी आवाजच गेला होता. मी फार घाबरलो.

एक दिवस तिने मला जवळ बोलावून सांगितलं, चिचगडच्या दुधरामबाबांना सांग. हे बाबा म्हणजे वेगळंच प्रकरण. रोग्याकडे येत नाहीत, हात लावत नाहीत, दोरा नाही, अंगारा नाही. दिवेलागणीला आपल्या घरी बसून रोग्याला नुसतं मनात आणतात. त्याच वेळी रोग्याच्या उशाशी त्याच्या रक्ताच्या माणसाने पाण्याचा तांब्या डोक्यावर धरून गप्प बसायचं आणि मग ते पाणी रोग्याला पाजायचं. आता मी कोण? गणपतीत भोंदूगिरीवर भाषण ठोकून अर्ध्या गावाचा राग ओढवून घेतलेला माणूस. पण आईपुढे भाषण चालत नाही. निघालो मुकाट्याने. (आपण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो म्हणतात. रस्त्यावरच्या खड्ड्यांना अजून कोणी कळवलेलं दिसत नाही.)

चिचगडला पोचलो तर बाबांच्या अंगणात मांडव आणि ही गर्दी! मनात म्हटलं, प्रस्थ मोठं आहे. कोणीतरी हाताला धरून, "जेवून घे ना गा, दुरून आला," म्हणत मला पंगतीत बसवलं. वडे असे झाले होते की मी आईचा आजार क्षणभर विसरलो. तिसऱ्यांदा वडे मागताना वाढणाऱ्याला विचारलं, बाबा कधी भेटतील? तो टोपली धरून उभाच राहिला. "बाबाचीच तं तेरवी खाऊन राहिला तू!" हातातला वडा टाकवेना आणि तोंडातला गिळवेना. (गेले साध्या तापाने. स्वतःला मनात आणायचं राहून गेलं असावं.)

परत आलो तर आई दाराकडे डोळे लावून. भेटले का म्हणाली. मी म्हटलं, भेटले, रोज बसतो म्हणाले. दुसरं काय बोलणार होतो, तूच सांग.

तेव्हापासून दिवा लागला की मी तांब्याखाली. बाहेर पत्त्यांचा डाव माझ्यासाठी खोळंबलेला, मान आखडलेली. एकदा शिंक आली आणि सगळा उपचार आईच्या अंगावर सांडला. पण गड्या, गुण आला! आधी जेवण वाढलं. मग आवाज परतला (पहिला वापर मला शिव्या घालण्यासाठी, तांब्या वाकडा धरतो म्हणून). आणि संक्रांतीला ती भिंत धरत धरत चुलीपाशी जाऊन बसली. मी गोठ्यात जाऊन रडलो. हे कोणाला सांगू नकोस.

गोष्ट गावभर झाली. शेजारच्या धुरपताबाईचा खांदा भारा उचलताना धरला होता, हात वर जात नव्हता. ती आली, मलाही चिचगडला कळव म्हणून. मी कळवलं, म्हणजे कळवतो म्हणालो. तिची लेक तांब्या धरते आणि धुरपताबाईचा हात आता कुंकू लावण्याइतका वर जातो! मेलेल्या बाबाचा मी गोरेगावचा मुखत्यार झालोय. एवढंच. बाकी सर्व ठीक.

तुझा,
मान आखडलेला केशोराव

ता. क. — बाकी ठीक नाही. आई आणि धुरपताबाई येत्या गुरुवारी बैलगाडीने चिचगडला निघाल्यात, बाबांना धोतर-नारळ द्यायला. तिथे खरं कळलं की आई पुन्हा खाट धरेल, आणि या खेपेला मी तिला कशाने उठवू? आपली शाळा परगावची, त्यामुळे दोघींनी तुलाही पाहिलेलं नाही आणि बाबांनाही नाही. तुझ्याकडे विश्वामित्राची दाढी आहे. बुधवारीच ये, बाबाच भक्तांच्या दारी आले म्हणून. हात वर करायचा आणि सांगायचं, मी हिमालयात चाललो, चिचगडला येऊ नका. कोणाला शाप मात्र देऊ नकोस, तुला सवय आहे.

ता. क. दुसरा — पाकीट चिकटवायला शितं मागितली, तर आई स्वतःच घेऊन आली. कोणाला पत्र, म्हणाली. तिच्या तोंडाकडे बघून खोटं सुचेना, सगळं सांगून टाकलं आणि खाली मान घालून बसलो. ती म्हणाली, "बाबा मेले ते तू चिचगडहून यायच्या आधीच मले मालूम होतं. कासारीण सांगून गेली, मंग तिले म्याच गप केलं." मग तू उठलीस कशाने, मी ओरडलोच. "तू जन्मात कधी देवाले हात नाही जोडले. अन् रोज तांब्या घेऊन बसून राहिला, लेकरावाणी तोंड करून. म्या म्हटलं, पोराचा आत्ता कुठं कशावर विश्वास बसला, मी नाही उठली तं मोडन बिचाऱ्याचा." चिचगडला जायचं तेही माझंच मन राखायला ठरवलं होतं म्हणे.

मी पत्र फाडायला घेतलं, तर तिने हात धरला. "काऊन फाडतं? येऊ दे त्याले. धुरपतीचा हात अजून फळीपावतर नाही गेला. तिले कायले सांगतं?"

तेव्हा बुधवारी नक्की ये. धुरपताबाई पाया पडेल, तिला नीट आशीर्वाद दे. तिच्यामागून आईही पडणार आहे, आणि हसणार नाही असा शब्द तिने दिलाय. मी काही तसा शब्द दिलेला नाही, म्हणून तू माझ्याकडे अजिबात बघू नकोस.