उघडून पाहिलं, सही माझी

बाबा, मी आता लालबागला एका लॅबमध्ये कामाला आहे, रक्त तपासतात तिथं. रिपोर्ट कॉम्प्युटरमध्ये टाकते. नववी नापास पोरीला कॉम्प्युटर कोण देतो? फॉर्मवर बारावी पास लिहिलं. पदरात सहा महिन्यांची पोर होती.

आमच्याकडे एक सर यायचे, आठवड्यातून एकदा. डेटाबेस अॅडमिनिस्ट्रेटर. म्हणजे पेशंटची माहिती कुठं ठेवायची, कोणी बघायची, गेली तर परत कशी आणायची, ते सगळं त्यांच्याकडं. तुमच्या रेकॉर्ड रूमसारखंच, फक्त धूळ नाय. चार वर्षं इंजिनियरिंग, वर आणखी परीक्षा, तरी बोलायचे, "डिग्रीनं नोकरी लागते हो ताई, पण हे काम घाबरट माणसाचं." रोज बंद करताना सगळ्याची कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्यायची, हे मला दिलेलं. आणि दर शनिवारी ती कॉपी जुन्या कॉम्प्युटरवर उघडून कुठल्याही पाच पेशंटचे रिपोर्ट बघायचे, वहीत लिहायचं 'उघडून पाहिलं', खाली सही. उघडायला इंग्रजीत तीन ओळी टाइप कराव्या लागतात. त्यांनी दाखवलं तेव्हा मी मान डोलावली. कळलं काय नव्हतं. परत विचारलं तर बारावीचं उघडं पडेल, म्हणून नुसतीच सही करायला लागले.

सोमवारी मेन कॉम्प्युटर बंद पडला. डिस्क लावली तर फाइलींची नावं सगळी, आत काहीच नाय. एक मासेवाली मावशी काउंटरवर उभी, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं जुने रिपोर्ट मागितलेले. "तुमच्याकडं हायत म्हणून मी कागद ठेवलेच नाय गो बाय." सरांनी वही चाळली. लॅबच्या मालकीण मॅडमना बोलले, "ताईंनी दर शनिवारी उघडून बघितलंय. म्हणजे परवापर्यंत ठीक होतं. माझंच काहीतरी चुकलं असणार." मॅडम सरांना बोलल्या, यापुढं येऊ नका. मी बाजूलाच उभी. वही मिटून जागेवर ठेवली. घरात पगार माझ्या एकटीचा.

तेव्हापासून ती परळच्या हॉस्पिटलातली तुमची रेकॉर्ड रूम डोळ्यांसमोर येते. शनिवारी मला घेऊन जायचात. केसपेपरचे गठ्ठे सोडून आत वाळवी लागलीय का बघायचात. कोणी सांगितलेलं नाय, तुमचं तुम्हीच. "वरसून बरो दिसता. आत काय आसा ता उघडून बघूक व्हया." खालची रांग मला दिलेली. मी दहा वर्षांची. दोन दिवसांनी त्यातला एक गठ्ठा उचललात तर आत नुसता भुगा. संध्याकाळी घरी येऊन विचारलंत, "उघडलेलंस मां गो?" मी बोलले, "हो बाबा, तेव्हा बरा होता." दुसऱ्या दिवशी तेच तुम्ही साहेबाला सांगितलंत. साहेब हसला, "दोन दिवसांत एवढी वाळवी?" मेमो खिशात घालून आलात. पोरगी घाबरलीय म्हणून मला गुळाचा खाजा घेऊन आलात. मी तो सगळा खाल्ला.

वही माझ्या पिशवीत आहे. उद्या मॅडमसमोर ठेवणार, सरांना बोलवा सांगणार. सकाळपासून पोरीला मांडीवर घेऊन बोलून बघतेय, दर वेळी अर्ध्यावरच थांबते. हे पत्र कुठं टाकायचं नाय, वाचायला तुम्ही नाय, तर इथं तरी पहिल्यांदा नीट लिहिते.

बाबा, तो गठ्ठा मी उघडलाच नव्हता.