बग्गीचा खर्च

पुणे, मार्च २००७

प्रिय मथुरा,

फोनवर बोलता आलं असतं, पण आपल्या घरात मी फोन उचलला की आप्पासाहेबांचं वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतं. थोरले दीर आहेत, काय बोलणार. म्हणून लिहिते आहे. गॅरेजवाले रज्जाकभाई दौंडला निघालेत. ते हे पत्र तुझ्याच हातात देतील. नणंद होण्याआधी तू माझी वर्गातली मैत्रीण, तेव्हा आडपडदा ठेवत नाही.

खडकवासल्याच्या रस्त्यावरचं शेत बिल्डरला गेलं, तेव्हा भावकीत दारोदार नव्या गाड्या आल्या. यांना मात्र वाळूत पळवायची ती ड्यून बग्गी हवी होती. गोव्याला कुठंतरी पाहिलेली. पाइपांचा सांगाडा, रुंद टायर, ना दार ना छत. "विकतची गाडी अडीच लाखांची. ही मी जुन्या मारुतीचं इंजिन घालून निम्म्यात करतो," म्हणाले. मी अडवलं नाही. शेत गेल्यापासून माणूस नुसता बसून होता; हाताला काम मिळेल, असं वाटलं. खडकीला रज्जाकभाईंच्या गॅरेजात सांगाडा उभा राहिला.

मग खर्च फुगत गेला. आधी गिअरबॉक्स, मग सस्पेन्शन, मग वेल्डिंग पुन्हा. वर्षभरात आकडा चार लाखांवर गेला. जेवताना आप्पासाहेब म्हणायचे, "एवढ्यात नवी गाडी येऊन वर ड्रायव्हर ठेवता आला असता. ह्या छकड्याला तर पासिंगसुद्धा मिळायचं नाही." हे मुकाट्यानं भाकरी मोडायचे. एरवी शब्दाला शब्द देणारा तुझा संभाजीदादा असा गप्प बसला, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. आधी वाटलं, रज्जाकभाई लुबाडतात. मग वाटलं, यांनी कुठं दुसरा संसार मांडलाय. हसू नकोस. शर्टाचे खिसे तपासलेत मी, वास घेऊन पाहिलेत.

शेवटी एकटीच खडकीला गेले. बग्गी तयार होऊन कोपऱ्यात उभी, वर ताडपत्री. रज्जाकभाईंना सरळच विचारलं. ते हात पुसत पुढं आले. म्हणाले, "वहिनी, सगळं मिळून सव्वा लाख झाले. दिवाळीच्या आधीच काम संपलं. संभाजीराव गाडी न्यायचं नावच घेत नाहीत. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बसमध्ये परत येताना तिकिटामागं हिशेब मांडला. पावणेतीन लाख गेले कुठं? आणि मग, मथुरा, तुझी आठवण झाली. तुम्ही घरावर स्लॅब टाकलात दसऱ्याला. उसाचे पैसे आले, असं तू म्हणालीस, पण ऊस तर तेव्हा रानात उभा होता. तुझ्या श्यामलाला नर्सिंगला घातलंत. कर्ज काढलं असतं तर तू मला सांगितलं असतंस.

घरी आल्यावर यांना एवढंच विचारलं, "मथुराच्या स्लॅबला किती लागले?" हे पायरीवर बसले. म्हणाले, "शेतात तिचाही वाटा होता. हक्कसोडपत्रावर सही घेताना आम्ही तिला साडी नेसवली, आणि ती आमच्या पाया पडली. मला तेव्हापासून घास गोड लागत नाही. मी तिला देत नाहीये आनंदी, परत करतोय. थोरल्या दादाला कळलं तर घर फुटेल, म्हणून बग्गीच्या नावावर घातलं." मला पैशाचं काही वाटलं नाही. वर्षभर मला बाहेर ठेवलंत, तुम्ही दोघांनी, ते लागलं. त्याचा जाब मी तुला समोर बसवून विचारणार आहे.

पण आज लिहिण्याचं कारण वेगळं. रस्त्याकडेचे चार गुंठे उरलेत, ते विकायचं आप्पासाहेबांनी परस्पर ठरवलंय. काल त्यांच्या टेबलावर नवं हक्कसोडपत्र पाहिलं. त्यावर तुझं नाव आहे. रविवारी ते तुमच्याकडे येतील, पेढे आणि साडी घेऊन. आईची आठवण काढतील, डोळ्यांत पाणीही आणतील. चहा कर, पाया पड, साडी ठेवून घे. सही मात्र करू नकोस. आनंदीनं सांगितलं, असं खुशाल सांग.

तुझीच,
आनंदी