बोहनीचा श्वास

सोमवार, ६ जानेवारी २०२५

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी चक्क वेळेआधी पोचलो! बाळकुमला, जुन्या गावाला लागून असलेल्या एका नव्या इमारतीत आमची प्रयोगशाळा आहे. दम्याच्या आणि फुप्फुसांच्या इतर आजारांच्या पेशंटनी पिशवीत फुंकायचं, आणि त्या श्वासात काय काय आहे ते यंत्राने ओळखायचं. सुई नाही, रक्त नाही. प्रमुख संचिता मॅडम कडक वाटतात, पण त्यांनी आपल्या डब्यातली भाकरी मला आग्रहाने वाढली. माझा जोडीदार साकेत तोंडाचा फटकळ आणि मनाचा चांगला. गावातल्या रखमाबाई तपासून घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, चूल फुंकण्यात जन्म गेला, आता पिशवी तेवढी राहिली होती. सगळे हसलो. नवरात्रानंतर मी पहिल्यांदाच असा हसलो असेन.

डोंबिवलीचं घर बंद करून इथे खोली घेतली ते बरं केलं. तिथे शुभदाच्या साड्या अजून कपाटात आहेत. आवरायला तिच्या बहिणीला बोलवावं लागेल, माझ्याने ते होणार नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

इथे एक पद्धत आहे. सकाळी यंत्र सुरू केलं की पेशंटच्या आधी एका धडधाकट कर्मचाऱ्याने फुंकायचं. त्याचा आलेख रोज सारखाच यायला हवा, बदलला तर यंत्रात बिघाड आहे असं समजायचं. साकेत याला बोहनी म्हणतो. आजवर तोच करायचा, आता ती त्याने माझ्या गळ्यात मारली. मला साधा खोकलाही कधी होत नाही, म्हणून मॅडमही हो म्हणाल्या.

मी फुंकलं आणि आलेख आला तो दम्याचा! मॅडमनी यंत्र तपासलं, मला पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तेच. त्यांनी स्वतः फुंकलं तर सगळं ठणठणीत. वर मलाच बोलल्या की, कामावर लवंग चघळून येत जाऊ नका, आलेखात ती उमटते. मी लवंग कधीच खात नाही. मला ठसका लागतो.

गुरुवार, ९ जानेवारी

काल मॅडमनी टेंभी नाक्याला छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. फुप्फुसं स्वच्छ निघाली. आज बोहनीला पुन्हा दमा, पुन्हा लवंग. यंत्राची खात्री आता मॅडम स्वतः फुंकून करतात, पण मलाही रोज फुंकायला सांगितलंय. साकेत म्हणाला, मुकुल, तू श्वास भाड्याने आणलायस की काय.

फुंकर कशी आली, कुठे अडली, हेही यंत्र दाखवतं. माझ्या रेघेच्या टोकाला दोन बारीक हिसके आहेत. सात वर्षं त्या हिसक्यांकडे कान लावून मी झोपत होतो. शुभदा असाच श्वास सोडायची. दाढेत लवंग धरून.

शनिवार, ११ जानेवारी

लिहूनच टाकतो. नवरात्रात देवीचं दर्शन घेऊन परतताना तिला धाप लागली. रिक्षा पुलावर अडकली, दम्याच्या पंपाने काही होईना. मी तिच्या तोंडाला तोंड लावून फुंकत राहिलो. शेवटी एकदा तिचा श्वास उलटा माझ्या तोंडात आला. लवंगेच्या वासाचा. त्यानंतर काही आलं नाही.

तो श्वास माझ्यात राहिलाय. आज आलेखावरून बोट फिरवत मी रडलो, पण आनंदाने. माझी बायको पूर्ण गेलेली नाही.

सोमवार, १३ जानेवारी

लवंगेची रेघ लहान झालीय. पहिल्या दिवसाच्या निम्मीही नाही. मॅडम खूश, म्हणाल्या की सुधारताय.

तपासून झालेल्या पिशव्या आम्ही नळीला लावून गच्चीवर रिकाम्या करतो. बोहनीची पिशवी रोज मीच दाबतो. माझ्याच हातांनी. ती संपत चाललीय, आणि मी तिला बाळकुमच्या हवेत सोडून देतोय.

मंगळवार, १४ जानेवारी

आज बोहनी केली नाही. घसा दुखतो असं खुणेने सांगितलं. साकेतने तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाला. मी मान हलवली, तोंड उघडलं नाही. पिशवीतच कशाला, साध्या बोलण्यातही ती थोडी थोडी जातेच की. म्हणून श्वास पूर्ण घेतो आणि जेमतेम सोडतो. डोकं गरगरतं. मॅडमनी घरी पाठवलं.

तिच्याशिवायची पहिली संक्रांत. तिच्याशिवायची कशी म्हणू?

बुधवार, १५ जानेवारी

छातीत शिट्टी वाजतेय. माझी नाही. मी श्वास धरून बसतो तेव्हाही वाजते —

सकाळी दोनच हिसके होते. आता थांबतच नाहीत. पुलावर असेच —

तिला आत हवा पुरत नाहीये.

गुरुवार, १६ जानेवारी

सोडला तर जाते. धरला तर घुसमटते. पुन्हा. या वेळी माझ्या आत.

बरगड्यांवर आतून मूठ आपटतेय. छातीवर तळवा ठेवला, तर तिथेच, तळव्याखाली —

मीच कोंडलंय तिला. मी, नवरा तिचा. जिवापाड जपतो म्हणून —

साकेत दार वाजवून गेला. ओ दिली नाही.

दुपार

मूठ मंदावलीय. नको. असं नको गं. माझ्या देखत दुसऱ्यांदा नको —

खिडकी उघडली. बाहेर बरी हवा आहे. तुला तीच तर हवी होती.

पण शुभदा, एकदम नाही हं सोडत. हळूहळू सोडतो. आधी थोडासा, मग अजून थो