फ्लेक्सवरचा फोटो

बंगळूर, १२ जुलै २०१८

तीर्थरूप बाबा,

जय भीम. मी बरी हाय. इथल्या सांबाराची आता सवय झाली. आईचे गुडघे कसे हायत?

लातूरच्या क्लासवाल्या सरांनी नवी ॲपची कंपनी काढली, तिथून मला नोकरीचं पत्र आलं. फोनवर तुम्ही 'हो म्हण' यापुढं काही ऐकत न्हाई, म्हणून लिहितेय.

पद मुख्य इंजिनियरचं हाय. हाताखाली किती माणसं, विचारलं. एकबी न्हाई. ॲप हैदराबादहून तयारच घेतलंय. मग माझं काम काय? सर म्हणाले, "जाहिरातीत बोलायचं. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात जन्मलेली पोरगी आमच्या क्लासमुळं इंजिनियर झाली."

बाबा, त्या क्लासची पायरी मी कधी चढले न्हाई. शाळेत पोरं शिकवून दमून आल्यावरबी रोज तुम्हीच मला गणित शिकवलं. अन् बारावीचा निकाल लागल्यावर, धाकट्या आनंदराजला तिथं फुकट प्रवेश मिळतो म्हणून, तुम्हीच सही करून माझा फोटो त्यांना दिला. चौकातल्या फ्लेक्सवर माझ्या तोंडाखाली 'आमची विद्यार्थिनी' लिहिलेलं होतं. सुट्टीत आले की तिथून मान खाली घालून जायचे. तुम्ही मात्र पाहुण्यांना तो फ्लेक्स दाखवायला न्यायचात.

आनंदराजवर माझा राग न्हाई, त्याला सांगा. गोळ्या वेळेवर घेत जा.

तेव्हा मी सतरा वर्षांची होते, तुमची सही चालली. या कागदावर माझी लागते. ती मी करणार न्हाई.

तुमची विद्यार्थिनी,
पंचशीला