चिखलातलं औषध

सोमवार, संध्याकाळ

कॉलेजातली एक पोरगी आज कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर बाटल्यांत चिखल भरत होती. म्हणाली, "मावशी, यात औषध सापडतंय का बघायचंय." मी म्हटलं, असू दे की, औषधाने बरंच होईल! ती हसली नाही. हे औषध शेतात मारतात ते, डासांवर मारतात ते. वाहत वाहत आमच्याकडेच येतं म्हणे. आणि त्याच चिखलातले शिंपले, आमच्या तिसऱ्या, काढून मी विकते. मेलं, विषाला औषध म्हणायचं?

मी तिला पिशवीभर तिसऱ्याच दिल्या, ह्यापण तपास म्हटलं. मोठी जाऊ ओरडली, "अगं, विष निघालं तर विकशील काय, कपाळ?"

निघू दे. कळेपर्यंत पाटीत तिसऱ्या ठेवणार नाही. आत्ता जेवताना नातीने मागितल्या. तिलाही नाही दिल्या. रडली. रडू दे. औषध म्हणे!